नर सापडला नाही

मी स्वभावानं घाबरट. पण घाबरले की मी चिडते, आणि चिडलेली बाई मुळात घाबरलेली आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून रोह्यात सगळे मला खमकी समजत आले. त्या चैत्रात मुंबईहून माझ्या गाइडसरांचं पाकीट आलं, तेव्हा मी कॉलेजच्या शिपायावर उगाच खेकसले, टपाल वेळेवर का देत नाही म्हणून. टपाल वेळेवरच आलं होतं. पाकीट जाड होतं आणि मला ते उघडायचं नव्हतं, एवढंच.

तेव्हा मी रोह्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, तीही हंगामी. पोरांना झुरळ आणि बेडूक कापायला शिकवायचं, बाटल्या पुसायच्या, आणि दर जूनमध्ये पुन्हा ऑर्डर मिळते की नाही याची वाट बघत बसायचं. कायम व्हायचं तर एम.एस्सी.चा प्रबंध हवा होता. माझा प्रबंध कुंडलिकेच्या खाडीतल्या खेकड्यांवर होता, आणि खरं सांगायचं तर तो सगळा एकाच खेकड्यावर उभा होता. बाकीची प्रकरणं नुसती भर.

आपल्या खाडीत जी नेहमीची चिंबोरी, म्हणजे खाण्याचा खेकडा, मिळते तिच्या नांग्या सगळ्यांना माहीत आहेत. जाडजूड, आतून दातेरी, बोट सापडलं तर नख जाईल अशा. मला दोन वर्षांत अकरा चिंबोऱ्या अशा मिळाल्या होत्या, की त्यांच्या दोन्ही नांग्या लहान, सडपातळ आणि आतून गुळगुळीत. दात जवळजवळ नाहीतच. पाठ तीच, पाय तेच, रंग तोच. नांग्या मात्र वेगळ्या. सरांनी त्या भिंगाखाली धरल्या आणि म्हणाले, ही नवी जात दिसते. त्या दिवशी मी मुंबईहून एस.टी.त उभी राहून आले आणि पाय दुखल्याचं मला कळलं नाही.

एकच गोष्ट खुपत होती. अकराच्या अकरा माद्या होत्या. नर एकही नाही. जातीचं वर्णन नराशिवाय अर्धवट, आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार. मी प्रबंधात लिहून टाकलं होतं, 'नर अद्याप सापडलेला नाही.' ते वाक्य टाइप होऊन आलं तेव्हापासून ते पान मी पुन्हा उघडलं नव्हतं.

पाकिटात सरांची चिठ्ठी होती आणि जर्मन भाषेतल्या चोवीस पानांच्या फोटोस्टॅट प्रती. गेल्या शतकातल्या कुणा जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचा हा मृत्युलेख. त्यानं म्हणे मुंबईच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका लहान नांग्यांच्या खेकड्याला नाव दिलं होतं. सरांनी लिहिलं होतं, हे वाचून घ्या, तोच खेकडा असेल तर तुमची जात नवी राहत नाही आणि ते प्रकरण काढावं लागेल; प्रबंध महिनाअखेर माझ्या हातात हवा. खाली एक ओळ होती, की नाहीतर पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी माझ्या जागेवर कोण बसणार हे स्टाफरूममध्ये आत्ताच ठरलेलं होतं.

आणि नोकरीचं एक वेळ सोडा. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो, आणि मी आईचं नाव दिलं होतं, मागे लॅटिन शेपूट लावून. घरी येऊन सांगितलंही होतं. हीच माझी घाई नडली.

आई माझी शाळेत न गेलेली. खाडीकाठच्या गावातली पोर, लग्न होऊन रोह्यात आली. वडील कचेरीत शिपाई होते आणि त्यांची एकच अट होती, की आता चिखलात उतरायचं नाही, लोक काय म्हणतील. आई उतरली नाही. सगळ्या बायकांसारखी बाजारातून म्हावरं घेऊ लागली आणि माहेरच्या गोष्टीही तिनं हळूहळू बंद केल्या. वडील गेले, अट राहिली. मी त्या अटीतच वाढले. खेकड्यांवर प्रबंध लिहायला घेतला तरी मी मामाच्या गावच्या काठानं कधी गेले नाही. पलीकडच्या काठाला, जिथं मला कुणी ओळखत नाही, तिथं रबरी बूट घालून उतरायचे. चिखलानं माखलेली मास्तरीण मामाच्या गावानं बघावी हे मला नको होतं. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा तीच मला अक्कल वाटत होती.

आईनं मात्र नावाची बातमी सगळ्या आळीला सांगितली. "माझ्या नावाची चिंबोरी निघाली हाय, पुस्तकात जायची हाय." बाया तिला चिडवायच्या, "काय गो चिंबोरीबाय, आज कालवण कसलं? भावकीतलंच काय?" आई पदर तोंडाला लावून हसायची. तिला असं हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मी पाकीट कपाटात कपड्यांखाली ठेवलं आणि तिला काही बोलले नाही.

आता जर्मन वाचणार कोण? धाटावच्या कंपन्यांतले दोन साहेब जर्मनीला जाऊन आले होते असं कळलं, म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांना तिथल्या मशिनवरची बटणं तेवढी वाचता येत होती. मग कुणीतरी पेणच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं सांगितलं. घरची जमीनजुमल्याची माणसं. हे लढाईच्या आधी जर्मनीला रंगाची केमिस्ट्री शिकायला गेले होते आणि लढाई येणार असं दिसताच परत आले. पुढे त्या शिक्षणाचं काहीच झालं नाही. मुलगे शिक्षक होऊन बाहेरगावी, हे इथं एकटे.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं नागोठण्यावरून पेणला गेले. त्यांच्या घरासमोर गणपतीचा कारखाना, ओसरीवर बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं वाळत ठेवलेले. काका पडवीत बसून मोड आलेले वाल सोलत होते. रविवारी त्यांच्याकडे बिरडं असायचं आणि ते सोलायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. मी पानं पुढे केली. त्यांनी ओल्या हातानंच घेतली. माझा जीव वरखाली.

"काका, मला एकोणिसाव्या पानापासून हवंय," मी म्हटलं. "खेकड्याचं वर्णन तिथं आहे. मापांचे आकडे दिसतायत मला."

"आणि आधीची अठरा पानं काय रद्दीत घालायची?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो बाई, माणूस कोण ते कळल्याशिवाय त्याचा खेकडा कसा कळायचा? पहिल्या पानापासून वाचू. एका रविवारी सहा पानं. माझे डोळे त्याहून जास्त चालत नाहीत."

नमनाला घडाभर तेल, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण सगळ्या जिल्ह्यात दुसरं माणूस मला माहीत नव्हतं. चार रविवार म्हणजे महिनाअखेरच. मी मुकाट्यानं समोर बसले आणि त्यांच्याबरोबर वाल सोलायला लागले.

तर तो जर्मन. समुद्रापासून लांब, एका लहानशा गावात जन्मला. बाप घोड्यांची खोगिरं शिवायचा. पोरगा ओढ्यात हात घालून खेकडे काढायचा आणि मार खायचा. बापाला त्याला डॉक्टर करायचं होतं. तो डॉक्टरी शिकलाही, पण माणसाचं रक्त पाहिलं की त्याला घेरी यायची. इथं काका थांबले आणि म्हणाले, "मलाही बापानंच पाठवलं होतं. रंग शिकून ये म्हणाले. आल्यावर इथं रंगवायचं काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं." मग त्यांनी पानं मिटली आणि मला चहा दिला. पहिला रविवार असा गेला. परतीच्या गाडीत मला रडू येईल इतकी चीड आली होती.

दुसऱ्या रविवारी जर्मन नोकरीला लागला. एका म्युझियममध्ये बाटल्या धुण्याचं काम. हे ऐकून मात्र मी सावरून बसले, कारण माझंही तेच चाललं होतं. वर्षानुवर्षं तो तेच करत राहिला, आणि मग त्या बाटल्यांची जबाबदारीच त्याच्याकडे आली. जगभरचे बोटीवरचे डॉक्टर आणि मिशनरी दारूत बुडवून जनावरं पाठवायचे, हा त्यांची वर्णनं लिहायचा. बायको चित्रं काढायची. समुद्र त्यानं जन्मात एकदाच पाहिला, चाळिशीत, बायकोबरोबर. आणि तिथं वाऱ्यानं आजारी पडून चार दिवसांत परत आला. "म्हणजे खाडीबिडी काही नाहीच," काका म्हणाले, "सगळं बाटलीतून." त्यांना हसू आलं. मला आलं नाही. मी तर खाडीवरच राहत होते आणि मीही सगळं बाटलीतूनच बघत होते, पण हे तेव्हा कळलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी बरणी आली. मुंबईच्या दक्षिणेला कुठल्याशा खाडीवरून एका मिशनच्या डॉक्टरनं पाठवलेली, आत तीन चिंबोऱ्या. लहान गुळगुळीत नांग्या. तिन्ही माद्या.

काका वाचत होते. बायको नुकतीच वारली होती, शेवटची चित्रं तिनं याच खेकड्याची काढली होती, म्हणून त्यानं जातीला तिचं नाव दिलं. मग दुसऱ्या शहरातल्या एका प्राध्यापकानं छापून विचारलं, नर कुठे आहे? नर दाखवा, मग जात मानू. झालं, तेव्हापासून हा माणूस नरामागे लागला. त्यानं मिशनना पत्रं लिहिली, कप्तानांना लिहिली. बरणी पाठवणारा डॉक्टर तापानं मेला होता. कधीमधी बरण्या यायच्या. त्यांत नर असायचे, पण मोठ्या दातेरी नांग्यांचे, साध्या चिंबोरीचे. हा ते बाजूला ठेवायचा आणि पुन्हा पत्रं लिहायला बसायचा. आणि हा मृत्युलेख कुणी लिहिला होता, तर त्याच प्राध्यापकानं.

"मापं पुढच्या पानावर आहेत," काका म्हणाले आणि पानं मिटली. "पुढच्या रविवारी तुमचा खेकडा घेऊन या. मापं ताडून बघू."

मी त्या आठवड्यात नीट जेवले नाही. स्वतःला समजावत होते, की त्याची खाडी दुसरी असेल, मापं वेगळी निघतील, एखादा काटा कमीजास्त असेल. आई म्हणायची, "काय गो, तोंड कशानं उतरलाय?" मी तिच्यावर ओरडायचे, परीक्षा आहेत म्हणून. परीक्षा संपून सुट्टी लागली होती हे तिला काय ठाऊक नव्हतं?

शुक्रवारी मी कॉलेजमधून सगळ्यांत चांगला नमुना असलेली बरणी घरी आणली. याआधी कधी आणली नव्हती. घरात वास सुटतो, असं मी म्हणायचे. खरं म्हणजे आईला दाखवून काय उपयोग, असंच मला वाटायचं. ती भाकऱ्या करत होती. हात धुऊन आली.

"बघू तरी माझ्या नावाची."

"हात लावू नको, औषध आहे त्यात."

तिनं झाकण काढलं, चिमटा बाजूला सारला आणि चिंबोरी हातानंच बाहेर काढली. उलटी केली. पोटाचं झाकण अंगठ्यानं दाबून पाहिलं, नांग्यांची मुळं चाचपली. मला अजून आठवतं, तिची बोटं चाचपडत नव्हती, ती सरळ हव्या त्या सांध्यावर जात होती.

"ही तर नांगी घेऊन सोडलेली हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे काय? गाभोळीची असल, अंड्यावरची. गाभोळीची मादी खायाची नाय, आमच्यात पाप. बिळातून काढायची, एक नांगी मोडून घ्यायची नि परत बिळात सोडायची. एक नांगी आपली, बाकी ती खाडीची. या साली उजवी, पुढल्या साली डावी. नवी नांगी येते, पण अशीच, बारकी नि बिनदाताची. मोठी व्हायला लय दिस लागतात."

मी विचारलं, "आणि नर? आई, मला अकरा मिळाल्या, सगळ्या माद्या. नर एकही नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

"नर कसा गावंल गो तुला?" ती म्हणाली. "नर आम्ही खाल्लं."

मी त्या क्षणी तिच्यावर चिडले. इतकं चिडले की बोलू नये ते बोलले. तुला कळत नाही, मोठ्या सरांनी भिंगाखाली पाहिलंय, तू तीस वर्षांत चिखल पाहिला नाहीस. आईनं चिंबोरी परत बरणीत सोडली, झाकण घट्ट लावलं आणि राहिलेल्या भाकऱ्या थापायला गेली. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "उद्या सकाळी ओहोटी हाय. माझ्याबरोबर चल."

शनिवारी आम्ही मामाच्या गावी गेलो. मामीनं आईला पाहून तोंडावर हात ठेवला. आईनं तिच्याकडून लोखंडी आकडी मागून घेतली, लुगडं वर खोचलं आणि बांधावरून सरळ चिखलात उतरली. मी बुटांत, मागे. काठावर गाव जमलं होतं. मला कुठे तोंड लपवू असं झालं, आणि आई मात्र बिळांमागून बिळं बघत चालली होती. दोन रिकामी गेली. तिसऱ्यात आकडी घातली, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि चिंबोरी अलगद ओढून काढली. मादी होती. डावी नांगी जाडजूड, दातेरी. उजवी बोटाएवढी, गुळगुळीत.

आईनं ती माझ्यापुढे धरली. "हे बघ. अर्धी आमची, अर्धी तुझी."

एकाच चिंबोरीच्या एका अंगाला साधी जात होती आणि दुसऱ्या अंगाला माझी नवी. यापुढे कुठल्या भिंगाची गरज नव्हती. मी तिथं चिखलात उभी राहिले. आईला अजून काही कळलं नव्हतं. ती खुशीत होती, मामीला हाका मारत होती. मी खाली बघून म्हटलं, "आई, मग ही जात नवी नाही. नाव राहणार नाही."

चिंबोरी तिनं परत बिळात सोडली. मग आकडी चिखलात पुसत म्हणाली, "कुणाला कळंल?"

या प्रश्नानं मला त्या रात्री झोपू दिलं नाही, कारण उत्तर 'कुणाला नाही' असं होतं. सर मुंबईचे. परीक्षक त्याहून लांबचे. गावच्या बायका काही प्रबंध वाचायला येणार नव्हत्या.

रविवारी पेणला गेले. काकांनी मापं वाचली, मी माझी मापं वाचली. जुळली. जर्मनाची बरणी याच खाडीतली नसली तरी अशाच कुठल्यातरी खाडीतली होती, आणि तिथंही कुण्या बाईनं गाभोळीची म्हणून दरसाल एक-एक नांगी घेऊन तिन्ही माद्या सोडून दिल्या होत्या. मी काकांना आईची गोष्ट सांगितली. ते वाल सोलायचे थांबले.

"म्हणजे याच्याकडे नर आले होते," ते म्हणाले. "बरण्याच्या बरण्या."

"आले होते. माझ्याकडेही आले होते, बादलीभर. मी साधे म्हणून फेकून दिले."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काका म्हणाले आणि शेवटचं पान हातात घेतलं. ते त्यांनी अगदी सावकाश वाचलं. म्हातारपणी जर्मनाची दृष्टी गेली. तो दुसऱ्याकडून पत्रं लिहवून घ्यायचा, तीच पत्रं, नर मिळेल का. मेला तेव्हा टेबलावर एक पुरं न झालेलं पत्र होतं. शेवटी त्या प्राध्यापकानं लिहिलं होतं, की मी हा प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं.

मग काका म्हणाले, "तुम्हाला सांगायला आई होती. याला बिचाऱ्याला कोण होतं?" आणि पानं माझ्याकडे सरकवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मापं जुळली नाहीत असं लिहायचं असेल तर लिहा. मी कुणाला सांगायला जात नाही. मला विचारायला येतंच कोण?"

त्यांनी हे भलेपणानं म्हटलं होतं. त्यांना माझी नोकरी ठाऊक होती. पानं पिशवीत घालताना मला एकदम उमगलं, की सहा-सहा पानांचं बंधन डोळ्यांचं नव्हतंच. जर्मन वाचता येतं म्हणून तिकडून आल्यापासून त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं, आणि आज पानं संपली होती. मी चार रविवार त्यांच्यावर मनातल्या मनात चरफडत होते. मला स्वतःचीच शरम वाटली.

गाडीत मी आधी नोकरीचा हिशेब मांडला, मग आईचा. गप्प बसले तर आईचं नाव पुस्तकात जाईल, आणि ज्या गोष्टीत ती मोठमोठ्या सरांपेक्षा शहाणी ठरली तीच मला जन्मभर लपवावी लागेल. नागोठण्याला गाडी थांबली तोवर माझं ठरलं होतं. हिंमत आली म्हणून नव्हे. भीती वाटत होतीच, पण आयुष्यभर त्या जर्मनासारखं नर शोधत बसायचं, कुणी येऊन विचारील या धास्तीत, ते मला झेपणार नव्हतं. घरी येऊन मी सरांना लिहिलं, की ही जात नव्हे, माझीही नव्हे आणि त्या जर्मनाचीही नव्हे. नांग्या मोडून घेतल्यामुळे असं दिसतं, आणि हे माझ्या आईनं सांगितलं. ते लिहून त्या माणसाच्या बायकोचं नावही मीच पुसलं. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

सरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. प्रबंध त्या वर्षी गेला नाही. जूनमध्ये माझ्या जागेवर दुसरं माणूस आलं आणि मी एका शाळेत हंगामी म्हणून लागले. प्रबंध दोन वर्षांनी पुरा झाला, तोवर कॉलेजात जागा नव्हती. आळीतल्या बायांना काय सांगायचं या विचारानं मी नळावर जायचं टाळत होते. पण आईनं ते माझ्याआधीच सांगून टाकलं होतं. "ती चिंबोरी साधीच निघाली गो. माझ्या ध्यानात आलं नि मीच पोरीला सांगितलं." हे ती कुणालाही सांगायची, पण नंतर घरात येऊन जरा वेळ गप्प बसायची. मला ते दिसायचं.

त्या जर्मनाची गोष्ट मी तिला एकदा पावसाळ्यात सगळी सांगितली. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "मग त्याला कुणी सांगितलंच नाय?" मी म्हटलं, नाही.

भाद्रपदात सर्वपित्री अमावस्या आली. अमावस्येची चिंबोरी भरलेली असते. आई भल्या पहाटे मामाच्या गावी जाऊन स्वतः चार काढून आली. आता ती जायची, अट मोडली ती मोडलीच. वडिलांचं पान वाढलं. मग तिनं दुसरं पान घेतलं, त्यावर भात वाढला, आणि कालवणातून अख्खी चिंबोरी काढून वर ठेवली. दोन्ही नांग्या जागेवर, जाड, दातेरी.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"तुझ्या त्या जर्मनाचं. त्याची तिथी आपल्याला ठाऊक नाय, म्हंजे आजच."

"आई, त्याला तारीख आहे. छापलेली आहे. आणि ते लोक हे मानत नाहीत."

"नसतील मानत," ती म्हणाली आणि पान घेऊन मागच्या पायरीवर गेली. मी मागोमाग गेले, कारण मला वाटलं आता शेजारच्या बाया बघतील. तिनं पान कौलांवर ठेवलं, चिंबोरी उलटी केली, पोटावरचं अरुंद झाकण वर येईल अशी. त्या झाकणावरूनच नरमादी ओळखतात. हे मी पोरांना दरवर्षी शिकवत आले होते.

"नर हाय," ती वर बघून म्हणाली. "नीट बघून घे रे बाबा."

कावळा आला, आणि आधी त्यानं नांगी उचलली.